ग्रानादाची संध्याकाळ

स्पेन देशात संध्याकाळ किती वाजता होते, हे आधी सांगितले पाहिजे. नाहीतर पुढचे सगळे वाचकांना खोटे वाटेल. आमच्या धाटावला सातच्या सुमारास तिन्हीसांजा होतात. भोंगा वाजतो, पाळी सुटते, एमआयडीसीच्या रस्त्याने मोटारसायकलींचा लोंढा रोह्याच्या दिशेने निघतो. कुंडलिकेकडून वारा आला तर त्याबरोबर येणाऱ्या वासाची आम्हाला इतकी सवय झाली आहे की, पाहुण्याने नाक मुरडले म्हणजेच तो जाणवतो. दिवेलागण झाली की वयात आलेल्या मुली घरात. ग्रानादा शहरात मात्र जून महिन्यात सूर्य मावळतो तोच साडेनऊच्या पुढे. दुपारी मिटलेली दुकाने संध्याकाळी पुन्हा उघडतात आणि आठ-नऊपर्यंत चालतात. त्यानंतर माणसे घरी जात नाहीत, घरातून बाहेर पडतात. रात्रीचे जेवण दहाच्या पुढे.

आमची धाकटी लेक शिष्यवृत्ती मिळवून तिथल्या विद्यापीठात पाणी या विषयाचे पदव्युत्तर शिक्षण घेत आहे. कुंडलिकेच्या काठी वाढलेल्या मुलीने हा विषय का निवडला, हे रोहेकरांना समजावून सांगण्याची गरज नाही. विद्यापीठ जुने, १५३१ साली पाचव्या चार्ल्स राजाच्या काळात स्थापन झालेले. २०२५ च्या जूनमध्ये आम्ही उभयता तिच्याकडे बारा दिवस राहून आलो. तिथला अल्हाम्ब्रा राजवाडा जगप्रसिद्ध आहे. तोही पाहिला. त्यावर पुष्कळांनी लिहिले आहे, आम्ही काय भर घालणार? आम्हाला लिहायचे आहे ते एका संध्याकाळीविषयी.

त्याला कारण आहे. स्पेनचे घड्याळ उन्हाळ्यात आपल्या साडेतीन तास मागे असते. वर्षभर लेकीचा फोन यायचा, "आई, मी जरा बाहेर पडतेय." तिच्याकडे नऊ वाजलेले, आमच्याकडे रात्रीचे साडेबारा. बाहेर म्हणजे कुठे? कोणाबरोबर? परत कधी? आमच्या आयुष्यमती पुढे दोन-तीन तास जाग्याच. "पोहोचले" असा निरोप आल्याशिवाय दिवा मालवत नसत. शेजारपाजारचेही विचारायचे, मुलगी एकटी असते, रात्री फिरते म्हणे? त्यामुळे तिथे गेल्यावर त्यांनी पहिल्याच दिवशी सांगून टाकले, "राजवाडा राहू दे. तू रोज बाहेर जातेस ना, ते बाहेर मला दाखव."

तर ते बाहेर असे. नऊ वाजता आम्ही प्लासा नुएवा या चौकातून निघालो. निघण्याआधी एका लहानशा खाणावळीत उभ्या-उभ्याच काहीतरी खाल्ले. ग्रानादाची एक रीत मोठी गमतीची आहे. प्यायला काही मागवले की त्याबरोबर खाण्याची एक छोटी बशी फुकट येते. तिला तापा म्हणतात. लोक सहसा बिअर किंवा वाईन मागवतात. आता पंचशील घेतलेल्या माणसाने काय करावे? लेकीने त्यावर उपाय शोधून ठेवला होता. मोस्तो नावाचा द्राक्षांचा रस मिळतो, न आंबवलेला. त्यावरही बशी मिळते. कोणी हसत नाही, आग्रह करत नाही. पहिल्या बशीत बोकेरोनेस नावाचे बोटभर लांबीचे मासे आले, पिठात घोळवून तळलेले. आयुष्यमतींनी एक तोंडात टाकला आणि म्हणाल्या, "अगं, ही तर आपली मांदेली." दुसऱ्या बशीत वांग्याचे काप, कुरकुरीत तळून वर काकवी सोडलेली. वांग्यावर काकवी ही कल्पना आम्हाला काही पटली नाही, पण बशी मात्र रिकामी झाली.

तिथून पुढे दारो नदीच्या काठाने रस्ता जातो. नदी म्हणायची इतकेच, आपल्याकडे तिला वहाळ म्हणतील. एका बाजूला जुनी घरे आणि चर्च, दुसऱ्या बाजूला पाण्यापलीकडे डोंगरावर अल्हाम्ब्राच्या तांबूस भिंती. पुढे रस्ता रुंद होतो, तिथे दुःखितांची वाट अशा अर्थाचे नाव आहे, कारण पूर्वी स्मशानाकडे प्रेतयात्रा इथून जात. आता तिथे दुःखी कोणी दिसला नाही. बाबागाड्यांतली तान्ही मुले, चेंडू खेळणारी पोरे, काठी टेकत चाललेले आजोबा, कॉलेजच्या मुलामुलींचे घोळके, बाकावर चार म्हाताऱ्या. अकरा वाजत आले तरी हाच थाट. कोणी काही विकत घेत नव्हते, कोणाला कुठे पोहोचायचे नव्हते. दोन मुली हातात चपला घेऊन कठड्यावर पाय सोडून बसल्या होत्या, त्यांच्याकडे वळून बघणाराही कोणी नव्हता. आयुष्यमती बराच वेळ त्यांच्याकडे पाहत होत्या. मग त्याही कठड्यावर बसल्या. धाटावच्या नाक्यावर विनाकारण बसलेली बाई आम्ही आजवर पाहिलेली नाही. पुरुष बसतात, तासन्‌तास बसतात.

बिनकामाचे चौकात बसता येणे ही फार मोठी गोष्ट आहे, हे आपल्या समाजाला वेगळे सांगायला नको. आपल्या आज्या-पणज्यांच्या वाट्याला गावचा चौक आला तो काम असेल तेव्हाच, आणि तोही अंग चोरून. मात्र परदेशातले काही चांगले दिसले की लगेच "तिकडे जात नाही, पात नाही" असे बोलून मोकळे होण्याची जी सवय आपल्याला लागली आहे, ती आम्हाला मान्य नाही. त्याच संध्याकाळी त्याच रस्त्यावर आम्ही दुसरी बाजूही पाहिली.

चालता चालता लेक म्हणाली, "पप्पा, इंग्रजीतला कास्ट हा शब्द मूळ कुठला, माहीत आहे? इथलाच." खरे आहे. कास्ता हा शब्द स्पेन आणि पोर्तुगालचा. वंश, कूळ, पैदास अशा अर्थाचा. पोर्तुगीज लोक सोळाव्या शतकात तो घेऊन आपल्या किनाऱ्यावर उतरले आणि आपली जातिव्यवस्था पाहून त्यांनी तिला तेच नाव दिले. पुढे तो इंग्रजीत गेला. ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात बाबासाहेबांनी भारतातील जातींवर जो निबंध वाचला, त्याच्या मथळ्यातला शब्द या द्वीपकल्पातून आलेला आहे. आणि शब्दच होता असे नाही, माल पण होता. १४४९ साली तोलेदो शहरात रक्तशुद्धीचा नियम झाला. ज्याचे पूर्वज ज्यू होते त्याने बाप्तिस्मा घेतला तरी तो अशुद्धच, त्याला अधिकाराची जागा नाही. पुढे असे नियम ठिकठिकाणी झाले आणि शतकानुशतके चालले. जानेवारी १४९२ मध्ये ग्रानादाचे मुस्लिम राज्य पडले. त्याच वर्षी ३१ मार्चला याच अल्हाम्ब्रात ज्यूंना देश सोडण्याचा हुकूम निघाला. मुसलमानांना आधी सक्तीने ख्रिस्ती केले आणि १६०९ पासून त्यांच्या ख्रिस्ती झालेल्या वंशजांनाही हाकलले. धर्म बदलला तरी रक्त बदलत नाही, हा युक्तिवाद आपल्याकडे १९५६ नंतर सवलतींच्या प्रश्नावर आपण किती वर्षे ऐकला, याची जुन्या वाचकांना आठवण असेल.

चापिसचा चढ चढून वर गेलो. तिथे लेकीची वर्गमैत्रीण वाट पाहत होती. ती हितानो समाजाची. इंग्रज ज्यांना जिप्सी म्हणतात, जगभर जे आता स्वतःला रोमा म्हणवतात, त्यांच्या स्पेनमधल्या शाखेला हितानो म्हणतात. मुलगी सावळी, केसांची लांब वेणी. रोह्याच्या बाजारात दिसली असती तर मराठीतच हाक मारली असती.

या लोकांचे मूळ आपल्या देशातले. भाषाशास्त्रज्ञांनी हे अठराव्या शतकातच ओळखले होते. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासानेही त्यांचा उगम वायव्य भारतात आणि काळ सुमारे पंधराशे वर्षांपूर्वीचा सांगितला. रोम हा शब्द डोम या जातिनामावरून आला असे बहुतेक भाषाशास्त्रज्ञ मानतात. डोम म्हणजे कोण, हे आपल्या वाचकांना ठाऊक आहे. मात्र तेवढ्यावरून ते सगळे अस्पृश्यच होते असे म्हणण्याची घाई करू नये. हजार-दीड हजार वर्षांच्या वाटचालीत किती लोक मिळाले, किती गळाले, कोणी सांगावे?

स्पेनमध्ये त्यांची पहिली नोंद १४२५ सालची. अरागॉनच्या राजाने त्यांच्यातल्या एका म्होरक्याला प्रवासाचा परवाना दिला. म्हणूनच २०२५ हे सहाशेवे वर्ष स्पेन सरकारने हितानो समाजाचे वर्ष म्हणून जाहीर केले. सुरुवातीला स्वागत झाले, पुढे दिवस फिरले. १४९९ साली हुकूम निघाला की साठ दिवसांत कोणा तरी मालकाकडे स्थिर व्हा, नाहीतर देश सोडा; नसता फटके. आणि ३० जुलै १७४९ रोजी तर कहर झाला. राजाच्या हुकमाने एकाच वेळी देशभर धरपकड झाली. सुमारे नऊ हजार माणसे पकडली. पुरुषांना आरमारी गोद्यांत कामाला जुंपले, बायकांना वेगळ्या ठिकाणी कोंडले, हेतू हा की पुढची पिढी जन्मू नये. शेवटचे कैदी १७६५ मध्ये सुटले. गुन्हा कोणता? जन्म. १८७१ चा इंग्रजांचा गुन्हेगार जमाती कायदा आणि त्यातून १९५२ साली सुटलेले आपले विमुक्त बांधव आठवल्यावाचून राहिले नाहीत. तेव्हाही लेकरू जन्मताच गुन्हेगार होते.

आज कायदा वेगळा आहे. १९७८ च्या स्पॅनिश राज्यघटनेचे चौदावे कलम सर्वांना समान मानते, २०२२ पासून हितानोद्वेष हा गुन्हा म्हणून दंडसंहितेत आला. पण २०१४ साली स्पॅनिश अकादमीच्या शब्दकोशात हितानो शब्दाचा एक अर्थ लबाड असा दिलेला होता. त्यावर या समाजातल्या लहान मुलांनी पुढे येऊन विचारले, आम्ही लबाड आहोत का? मग कोशात हा वापर अपमानकारक आहे अशी टीप आली. जातीचे नाव शिवी म्हणून वापरणे म्हणजे काय, हे आम्ही त्या मुलीला समजावण्याची आणि तिने आम्हाला समजावण्याची गरज पडली नाही.

ती म्हणाली, "माझे आडनाव ऐकले की घरमालकाची खोली कालच गेलेली असते." लेक हसली. पुण्यात शिकत असताना तिलाही दोन घरी असेच उत्तर मिळाले होते. तेव्हा ती रात्री फोनवर रडली होती. इथे दोघी हसत होत्या.

चढाच्या वर साक्रोमोन्ते नावाची डोंगराची कूस आहे. तिथे हितानोंनी मऊ डोंगर कोरून घरे केली, आतबाहेर चुन्याने पांढरीशुभ्र. गुहा म्हटल्यावर आम्हाला तळा तालुक्यातली कुड्याची लेणी आठवली. तीही डोंगरच कोरलेली, पण राहायला आणि वंदनेला. माळी, वैद्य, लोखंडाचा व्यापारी अशा साध्या माणसांनी दिलेली दाने तिथे ब्राह्मी लिपीत कोरून ठेवली आहेत. साक्रोमोन्तेच्या गुहांवर कोणाचे नाव कोरलेले नाही. १९६३ च्या सुमाराच्या अतिवृष्टीत पुष्कळ गुहा ढासळल्या. लोकांना आधी बराकींत आणि मग शहराच्या कडेच्या वसाहतींत नेऊन टाकले. त्यातले फार थोडे परत आले. आता काही गुहांत तिकीट लावून फ्लामेंको नाच दाखवतात. हितानोंनी वाढवलेली ही कला २०१० साली युनेस्कोच्या वारसा यादीत गेली. बसने आलेले प्रवासी रांगेत उभे होते. मैत्रीण म्हणाली की, हेच लोक आमच्या वस्तीत पाऊल ठेवायला भितात. आपल्याकडे हलगीवर, ढोलकीवर नाचायचे आणि वाजवणाऱ्याला घरात घ्यायचे नाही, त्यातलाच प्रकार. याच शहराचा कवी लोर्का, त्याने १९२८ मध्ये हितानोंवर कवितांचे पुस्तक काढून नाव मिळवले. दुसऱ्या वर्षी तो शिकायला गेला ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातच, बाबासाहेब तिथून निघाले त्याला तेरा वर्षे झाली होती. तिथे त्याने हार्लेमच्या काळ्या लोकांचे दुःख लिहिले. १९३६ साली फॅसिस्टांच्या बाजूच्या लोकांनी त्याला ग्रानादाजवळ गोळ्या घातल्या.

आम्ही तिकीट काढले नाही. मैत्रिणीच्या एका नातलगाचे घर तिथे आहे. दारासमोर खुर्च्या टाकून बायका बसल्या होत्या, आपल्या ओटीवर बसतात तशा. त्यात तिची आजी होती. सत्तरी ओलांडलेली, काळा झगा, हातात पंखा. ती लहानपणी याच रांगेतल्या गुहेत राहिलेली. आम्ही भारतातून आलो म्हटल्यावर तिने आम्हाला खालपासून वरपर्यंत पाहिले आणि खुर्च्या मागवल्या. चढ चढून आयुष्यमतींना धाप लागली होती. त्या लेकीला म्हणाल्या, "जरा पाणी माग गं."

आजीचा पंखा थांबला. तिने नातीला काहीतरी विचारले. मग आयुष्यमतींकडे वळून म्हणाली, "पान्यी?"

त्यांच्या जुन्या कालो बोलीत पाण्याला पान्यी म्हणतात. बोली आता पुरी कोणाला येत नाही, स्पॅनिशमध्ये मिसळून गेली. १७८३ साली राजाने हितानोंना प्रजेचे हक्क देताना त्यांची भाषा, पोशाख, इतकेच काय पण हितानो हे नावही बंद केले होते. त्यातून काही शब्द तेवढे वाचले. मग काय, अर्धा तास हाच खेळ. दोनला दुई, तीनला त्रिन. माणसाला मानू. मुलाला चावो, म्हणजे आपला छावा. हाच शब्द बदलून चावाल झाला आणि आज स्पेनमधला प्रत्येक पोरगा मित्राला त्या नावाने हाक मारतो, तो कोणाचा हे न जाणता. आजी एकेक शब्द आठवून सांगे, आयुष्यमती आपला सांगत, आणि जुळला की दोघी एकमेकींच्या हातावर टाळी देत.

मैत्रिणीने आजीला सांगितले की, या लोकांनी याच शब्दासाठी लढा दिला. लेकीने तिला महाडविषयी कधीतरी सांगितलेले होते. आजी म्हणाली, सांगा. मराठीतून इंग्रजीत, इंग्रजीतून स्पॅनिशमध्ये, अशा दोन उड्या मारत आम्ही चवदार तळे सांगितले. १९२३ साली मुंबई कायदे कौन्सिलात बोल्यांचा ठराव झाला, महाड नगरपालिकेने तळे खुलेही केले, पण कागदावर. २० मार्च १९२७ ला कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषदेला आलेले हजारो लोक बाबासाहेबांच्या मागे शांतपणे चालत तळ्यावर गेले आणि ओंजळीने पाणी प्याले. त्यानंतर परतणाऱ्यांवर हल्ले झाले. तळे पंचगव्याच्या घागरी ओतून शुद्ध केले. दावा दहा वर्षे चालला, १९३७ च्या मार्चमध्ये हायकोर्टाने निकाल आपल्या बाजूने दिला. आमचे धाटाव त्याच जिल्ह्यातले. कुलाब्याचे नाव १९८१ मध्ये रायगड झाले, इतकेच.

आजीने मध्ये फक्त एक प्रश्न विचारला. "जनावरे प्यायची का त्या तळ्यावर?" आम्ही हो म्हटले. ती पुढे बराच वेळ काही बोलली नाही. मग उठून आत गेली आणि स्वतः मातीच्या सुरईतून पाणी घेऊन आली. आधी आयुष्यमतींना दिले, मग आम्हाला, मग उरलेले स्वतः प्याली.

आम्ही निघालो तेव्हा बारा वाजून गेले होते. खाली चौकात अजून पोरे खेळत होती. एका कारंज्याच्या नळाला तोंड लावून एक लहान मुलगा पाणी पीत होता, त्याच्या मागे कुत्रा घेऊन आलेली बाई आपला क्रम येण्याची वाट पाहत उभी. लेकीला घरी सोडताना आयुष्यमतींनी तिला एकच गोष्ट बजावली, की निरोप पाठवायचे थांबवू नकोस. मात्र उशिरा पाठवलास तरी चालेल.

परत आल्यावर जुलैच्या पावसात आम्ही कोलाडमार्गे महाडला जाऊन आलो. आजीने तळ्याचा फोटो मागितला होता. पायऱ्या, भरलेले पाणी आणि मधोमध बाबासाहेबांचा पुतळा, असे चार फोटो लेकीच्या फोनवरून तिला पोहोचले. तिचा उलटा प्रश्न आला, हे पाणी आता कोण पिते? आम्ही कळवले की रोजच्या पिण्याला लोकांच्या घरी नळ आहेत, पण २० मार्चला लांबलांबून माणसे येतात आणि प्रत्येकजण ओंजळभर घेतो. त्यावर नातीकडून एवढाच निरोप आला की आजीने तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवली आहे.